कुरडयांचा नकाशा

ताडकळस,
रविवार, सकाळचे नऊ

आदरणीय दाजींना आणि आक्काला पंडितचा सविनय जयभीम.

आपली तब्येत ठणठणीत असावी. आक्काचे गुडघे उन्हाळ्यात बरे असतात असं ती म्हणते, तेव्हा निदान गुडघ्यांपुरता तरी उन्हाळा लांबावा अशी माझी इच्छा आहे. इकडे आम्ही दोघंही मजेत. सकाळी कोवळं ऊन असेतो मी गच्चीवर पेपर वाचत बसतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी बन्सीधरच्या हॉटेलात चहा घेतो. निवृत्त माणसाला याहून जास्त काय लागतं? फोन न करता पत्र लिहिण्याचं कारण तुम्ही ओळखलंच असेल. फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि त्या निम्म्यावर तुम्ही पूर्ण उत्तर देता. (मागच्या वेळी मी पावसाचं विचारलं आणि तुम्ही मला मूळव्याधीचं औषध सांगितलंत. औषध चांगलं होतं, ती गोष्ट वेगळी.)

तर आमची नीलम सतरा दिवसांपूर्वी सुखरूप पोचली. मात्र पोचली ती स्पेनला नव्हे, पॅराग्वे नावाच्या देशाला. तुम्ही स्पेनच्या थंडीसाठी पाठवलेला स्वेटर तिनं सोबत नेला आहे. हा घोळ कसा झाला याबद्दल आक्काच्या मनात राग आहे असं कानावर आलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तिचा पासपोर्ट मध्यंतरी चार दिवस ट्रंकेत कोंडला होता आणि पोरीचं जाणंच रद्द व्हायची वेळ आली होती, हे तर तुम्हाला माहीतच नाही.

नीलम पुण्यात राहून स्पॅनिश शिकली. पेरणीयंत्रं करणाऱ्या एका कंपनीत तिला दुभाष्याचं काम लागलं. एके दिवशी तिचा फोन आला, "बाबा, कंपनी मला दोन वर्षं बाहेर पाठवायलीय, स्पॅनिशच्या कामाला." पुढंही ती काही बोलत होती. पण मी एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. पोरांनी प्रश्न पुरा वाचायच्या आत गाळलेली जागा भरून टाकायची, हा माझा जुना आजार. स्पॅनिश म्हटलं की स्पेन. मी ताबडतोब नीलमच्या आईला सांगितलं, स्पेनला चाललीय, युरोपात, सकाळी बसलं की संध्याकाळी तिथं. ती तयार झाली, कारण संध्याकाळी पोचणारं कोणतंही गाव तिला परकं वाटत नाही. मग मी तडक स्टँडवर गेलो आणि धम्मानंदच्या दुकानात फ्लेक्स छापायला टाकला.

धम्मानंद हा माझा सहावीतला विद्यार्थी. त्यानं मजकूर वाचला आणि डोकं खाजवत विचारलं, "सर, नक्की स्पेनच ना?" मी म्हटलं, अरे भूगोल कोण शिकवतं, तू का मी? त्यानं माप लिहून घेतलं. पुन्हा का विचारलं नाही, ते मला नंतर कळलं. तेवीस वर्षांपूर्वी सहामाहीत मी विचारलं होतं, स्पॅनिश भाषा कोणत्या देशात बोलतात? त्यानं लिहिलं होतं मेक्सिको. मी लाल शाईनं फुली मारून एक मार्क कापला होता. असो. फ्लेक्स झकास झाला. बारा फूट लांब, मधोमध नीलम, डाव्या अंगाला एक चिडलेला बैल (तो माझ्या सांगण्यावरून), उजवीकडे मी, आणि वर "स्पेन देशी प्रस्थानाबद्दल हार्दिक अभिनंदन". तोच फोटो तुम्हाला मोबाइलवर आला होता.

चार दिवसांनी नीलम एसटीतून उतरली ती बरोबर त्या फ्लेक्सखाली. तडक घरी आली. पाणी प्याली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी पॅराग्वेला चाललेय. तुमचा बैल तिकडं न्हाई." तिथं आपल्यासारखंच सोयाबीन पिकतं, म्हणून आपली यंत्रं तिकडे जातात, आणि शेतकऱ्यांना ती समजावून सांगायला ही. नीलमच्या आईनं चुलीपुढून एकच प्रश्न विचारला, "हाय कुठं ते?" मी भूगोलाचा माणूस, मी अक्षांश-रेखांशापासून सुरुवात केली. दक्षिण अमेरिका खंड, चहूबाजूंनी जमीन, समुद्रकिनारा नाही, आपल्याला सकाळ असते तेव्हा तिकडे रात्र, दोन-तीन विमानं बदलायची, दीड दिवसाचा प्रवास. माझं बोलणं संपायच्या आत ती उठली, पासपोर्ट ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुढच्या सोमवारपर्यंत कंपनीला पासपोर्ट हवा होता. नीलमनं समजावलं, मी समजावलं, कडूबाई शेजारीण समजवायला आली आणि उलट घाबरवून गेली. नीलम दोन दिवस जेवली नाही. तिची आई तीन दिवस जेवली नाही, पण तिनं ते कुणाला दिसू दिलं नाही.

मला वाटलं, अडचण अंतराची आहे. नकाशा दाखवला की माणसाचं भय जातं, हा माझा अनुभव. पण घरात नकाशा नव्हता, पृथ्वीचा गोलही नव्हता. (का नव्हता, ते पुढे येईल.) योगायोगानं गच्चीवर बाजेवर निळं लुगडं अंथरून कुरडया घातल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या उलटायच्या असतात. ते काम मी आपण होऊन अंगावर घेतलं, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. मी सगळ्या कुरडया उचलल्या आणि लुगड्याचा समुद्र करून वीस परत मांडल्या. एक युरोपात, ती स्पेन. एक आफ्रिकेत, इक्वेटोरियल गिनी (दाजी, तिथंही स्पॅनिश आहे, हे मला नीलमनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं). क्यूबा आणि डॉमिनिकन रिपब्लिक पाण्यात. मग वरून खाली मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास करत पनामापर्यंत ओळ, आणि तिथून खाली कोलंबियापासून थेट चिली, अर्जेंटिनापर्यंत. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात म्हणून त्या जागी सूप ठेवलं. एखाद्या सेनापतीनं करावी अशी ती मांडणी झाली होती. मी नीलमच्या आईला हाक मारली.

ती वर आली, तिच्यामागून कडूबाईची बकरी आली. मी छडीनं स्पेन दाखवत होतो, त्यामुळे दक्षिण टोकाकडे माझं लक्ष नव्हतं. बकरीनं आधी चिली खाल्ला, मग अर्जेंटिना, आणि उरुग्वे तोंडात असताना नीलमच्या आईनं तिला हाणलं. मला वाटलं, संपलं, आता किल्ली विहिरीत जाणार. पण ती बाजेशी तशीच उभी राहिली. उरलेल्या कुरडयांकडे बघत म्हणाली, "ह्या एवढ्या कशाच्या?" नीलम म्हणाली, "आई, मी जे बोलते ना, ते ह्या सगळ्या गावांत बोलतेत." तिची आई वाकली. पॅराग्वेच्या कुरडईवर बोट ठेवून म्हणाली, "हितनं चुकून ही शेजारी गेली तर?" तिथंही तेच बोलतात, आई. "त्याच्या शेजारी?" तिथंही. "अन् ह्या सुपात?" सुपात दुसरं बोलतात, पण थोडं थोडं कळतं. असं ती एकेका कुरडईवरून बोट फिरवत मेक्सिकोपर्यंत गेली.

दाजी, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला आठवत असेल, सहा वर्षांपूर्वी आपण धम्मसहलीला श्रीलंकेत गेलो होतो आणि अनुराधापूरला नीलमची आई तीन तास हरवली होती. एका केळीवाल्याच्या गाड्यापाशी बसून राहिली. तिचं बोलणं कुणाला कळेना, कुणाचं तिला कळेना. सापडल्यावर आपण सगळे हसलो होतो, मी सर्वांत जास्त. तिनं त्यानंतर ती गोष्ट कधी काढली नाही. "हाय कुठं ते" असं ती विचारत होती तेव्हा तिला किलोमीटर नको होते. वाट चुकली तर पोरगी कुणाला विचारणार, एवढंच तिला हवं होतं. तीस वर्षं संसार करून मला हे कळलं नाही, याची मला खरंच लाज वाटली.

नीलमनं मात्र प्रामाणिकपणा केला आणि शेवटी एक खडा टाकलाच. म्हणाली, तिथं पुष्कळ जण घरात ग्वारानी बोलतात, शाळेत नि कचेरीत स्पॅनिश. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण नीलमच्या आईचा चेहरा उलट उजळला. "म्हंजे आपल्या आज्यावानी की. घरात मराठी अन् तहशिलीत उर्दू. तो काय मुका होता व्हय?" एवढं बोलून ती खाली गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी दोघी एका ताटात जेवल्या.

धम्मानंदनं फ्लेक्सवर स्पेनच्या जागी पॅराग्वेची पट्टी चिकटवून दिली. बैल तसाच राहिला. पट्टीचं काय द्यायचं विचारलं तर म्हणाला, "सर, काही नको, तेवढा एक मार्क द्या." मी कोऱ्या कागदावर लिहून खाली सही केली, मुख्याध्यापक (सेवानिवृत्त). तो कागद त्यानं दुकानात फ्रेम करून लावला आहे. एकूण सगळं गोड झालं. नीलमचा रोज फोन येतो. ती जेवते, झोपते, वाट विचारते आणि लोक तिला सांगतात. मला तर काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. आक्काला सांगा, राग सोड.

तुम्हा दोघांचं सदैव मंगल चिंतणारा,
पंडित

ता. क. पत्रासोबत बन्सीधरच्या जीपनं कुरडया पाठवत आहे. वीस मांडल्या होत्या, तीन बकरीनं खाल्ल्या, सोळा तुम्हाला पोचतील. उरलेल्या एकीचं विचारू नये.

ता. क. दुसरा. पाच वर्षांपूर्वी जपान कोणत्या बाजूला आहे यावरून तुमचं आणि तुमच्या शेजारच्या व्यंकटरावांचं भांडण झालं, तेव्हा माझा पृथ्वीचा गोल तुम्ही चार दिवसांसाठी नेला होता. तो टीव्हीशेजारी शोभेला ठेवला आहे असं कळतं. जपान एव्हाना सापडला असेल तर गोल बन्सीधरजवळ द्यावा. नीलमच्या आईला बघायला हवा आहे. मला काही घाई नाही, पण बन्सीधर तुमच्याकडून आज संध्याकाळीच परत निघणार आहे.

दाजी, मी नीलमची आई लिहायलेय. पाकीट डकवायला माझ्यापाशी दिलं म्हणून लिहिते. गोल मला नको. पोरगी कुठं हाय ते मला ठाव हाय. वाळवण उचलून महिना झाला, पण हे पोरीच्या गावाची एक कुरडई उचलू देत न्हाईत. बाजेवर निळं लुगडं तसंच हाय, अन् त्या एका कुरडईपाशी रोज छडी घेऊन बसायलेत. इचारलं तर म्हणतेत, कावळे हाकलायलोय. ह्यांच्यासाठी गोल लवकर द्या. आक्कालाबी चार दिस पाठवा.