एकाच चेनीचे गाऊन

३ मार्च, सकाळी
नात झाली! नात! दोनदा लिहिलं तर लिहिलं, वही माझीच आहे. नाक आमच्याकडचं. कान जावयांकडचे, पण केस वाढले की झाकतील. आजपासून ठरवलं, लेकीच्या मध्ये मध्ये बोलायचं नाही. हल्लीच्या मुलींना आवडत नाही.

३ मार्च, दुपारी
बोलले. पण गरजेपुरतंच.
लेकीला टेन्शन आलंय. तिची छाती पहिल्यापासून एकीकडे भरलेली, डावीकडे अगदीच लहान. म्हणाली, आई, दूध पुरेल का गं? म्हटलं, मी शिवणकाम करते, निम्म्या गल्लीची मापं माझ्या डोक्यात आहेत. दोन्हीकडे सारखी बाई मी अजून पाहिली नाही. समोरच्या मास्तरीणबाईंचंच बघ... जाऊ दे, गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी. तुझ्या डावीकडे वयात आल्यापासून मी असं पॅड बसवत आलेय की आरशालाही पत्ता नाही. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. धीर आला असणार.

५ मार्च
सिस्टर घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, दोन्हीकडे आळीपाळीने पाजा, आकारावरून दुधाचं काही सांगता येत नाही. वजन बघत राहू, कमी पडलं तर जोडीला वरचं देऊ, त्यात लाज कसली. मी मान हलवली. सिस्टर पोरगी गुणी आहे, पण तिने कधी ब्लाउज शिवलाय?
माझा प्लॅन तयार. उजवीकडूनच पाजायचं. लेकीसाठी पाजायचे गाऊन शिवते. उजवीकडे लांब चेन. डावीकडे चेनच नाही, उगाच आशा नको. उलट आतून जाड पॅड. बाळाला डोकं टेकायलाही बरं.

८ मार्च
अर्धा डझन झाले! फुलाफुलांचे. लेकीचे जुने गाऊन लगेच फाडून पुसायला घेतले. जावईबापू उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, आई, दुसरी चेन राहिली का? म्हटलं, तुम्ही तुमचा कॉम्प्युटर बघा. माणूस गरीब आहे, गेला.

९ मार्च
बाळ उजवीकडे तोंड लावतं, ठसकतं आणि किंचाळतं. धार फार जोरात येते म्हणे. हट्टी आहे, आमच्याकडचीच. वजन उतरलंय, सिस्टर म्हणाल्या. लेक रडली. मी नाही रडले. माझ्या डोळ्यात कांदा गेला. कांदा चिरायचा होताच.
उद्यापासून खरंच गप्प.

१० मार्च
काय सांगू! बाळाने आकांत मांडलेला. उजवीकडे तोंडच लावेना. लेकीने माझी कापडाची कात्री उचलली, जिला मी कागदसुद्धा दाखवत नाही ती, आणि अंगावरचा गाऊन डावीकडे कराकरा कापला. पॅड उडून माझ्या पायाशी. अगं कापड चांगलं आहे, मी ओरडले. कुणी ऐकतंय?
डावीकडे लावलं आणि ती कार्टी अशी चिकटली! गिळण्याचा आवाज दारापर्यंत. नवं तेल घातल्यावर मशीन चालते ना, तसा.
म्हटलं, अगं ती लहान बाजू. लेक वर न बघता म्हणाली, आई, इतकी वर्षं तू ही बाजू झाकलीस, आणि बाळाला तीच आवडली.
मी पॅड उचललं. त्याचं काय करायचं सुचेना. सध्या त्यात टाचण्या टोचून ठेवल्यात.

१४ मार्च
वजन वाढलं! थोडं वरचंही चालू आहे, लेक बिनधास्त सगळ्यांसमोर पाजते. शेजारणीला मी सांगितलं, आकारावर काही नसतं, मी आधीच म्हणत होते. जावईबापूंना खोकला झालाय वाटतं.
गाऊन उसवायला बसले. डावीकडे चेन लावते. लेक डोकावून म्हणाली, पॅड नको हं, आहे तशी दिसू दे. बरं म्हटलं. पॅड काढलं तर गाऊनची डावी बाजू नुसती लोंबायला लागली. कापायची किती? निम्म्या गल्लीची मापं माझ्याकडे, आणि पोटच्या पोरीचं पॅडशिवायचं माप मी कधी घेतलेलंच नाही.
टेप घेऊन तिच्याकडे गेले. बाळ पीत होतं, डावीकडेच. लेक म्हणाली, नंबर लाव.
बाहेर स्टुलावर बसलेय. माझ्या आधी एक गिऱ्हाईक आहे, आणि त्याला काही घाई नाही.