मागच्या भिंतीचे अकरा नट

प्रिय टिल्लू,

चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याला टिल्लू म्हणायचं म्हणजे जरा अतीच, पण माझ्या हाताला दुसरं काही लिहायची सवय नाही. तू फोन उचलत नाहीस. एका परीने बरंच आहे. फोनवर मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला असता, आणि हवेचं नाव आता आपल्या दोघांनाही नको आहे. दुपारची जेवणाची सुट्टी आहे. एका पडक्या शाळेच्या आवारात गाडी लावून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहिते आहे. अक्षर समजून घे.

आई जाऊन आज सोळा दिवस झाले. त्यातले बारा दिवस मी कामावर आहे. बाई दगडाची आहे, असं लोक म्हणत असतील. म्हणोत बापडे. आपल्या भागात एका महिन्यात एकोणसाठ टोर्नेडो झाले रे! नोंदी ठेवायला लागल्यापासून असा महिना झाला नाही, आणि पडलेली घरं तपासणारे आम्ही सगळे मिळून नऊ जण. घर कसं मोडलं ते बघूनच आम्ही मागाहून वाऱ्याचा वेग ठरवतो. म्हणजे रोज ढिगारा उपसायचा, पाया झाडायचा, लाकडी भिंती पायाला जखडणारे बोल्ट बघायचे. गुडघे कामातून गेले माझे. काल एका गृहस्थाने हुज्जत घातली, की आमचा टोर्नेडो रेकॉर्डमध्ये का बसवत नाही म्हणून. त्याच्या घराचं एक फळकूट जागेवर नव्हतं. एवढं सगळं गेलंच आहे तर निदान पहिला नंबर तरी यावा, असं वाटत असेल बिचाऱ्याला. मला तिथे हसू आलं, आणि गाडीत येऊन बसल्यावर रडू.

तुझं सगळं तुझ्या बायकोने सांगितलं. जेवत नाहीस, आणि येईल त्याला सांगतोस की आईला मी मारलं. का, तर गेल्या वर्षी मागच्या भिंतीत तू मोठी खिडकी बसवलीस, तिला खुर्चीतून झाडं दिसावीत म्हणून. त्या खिडकीतून वारा शिरला आणि भिंत उडाली, असं शेजारचे सुतारकाका म्हणाले, आणि तू तेच धरून बसलास. सुतारकाकांना काय कळतंय, कपाळ!

आपलं घर तपासायची मला परवानगी नव्हती, नात्यातलं म्हणून. माझ्या कामातल्या जोडीदाराने तपासलं. त्याचा अहवाल मी पाहिला. मागच्या भिंतीखाली अकरा बोल्ट, एकावरही नट नाही, बांधकाम सदोष. मला दाखवताना त्याने मान खाली घातली होती. बाबांनी बांधलेल्या घरात चूक निघाली म्हणून मला वाईट वाटेल, असं त्याला वाटलं.

रविवारी मी एकटी जाऊन आले. बाकीच्या तीन भिंती फाटल्या आहेत, पण त्यांच्या लाकडाचे तुकडे अजून नटांखाली घट्ट अडकलेले आहेत. मागचे बोल्ट मात्र सरळ उभे, आटे कोरे. ती भिंत फाटली नाही, टिल्लू. अलगद उचलली गेली. आणि आई तिच्याच आडोशाला, न्हाणीघरात बसली होती.

घर बांधलं तेव्हा तू चार वर्षांचा, वाळूत लोळत असायचास. मी सतराची. बाबा भिंती उभ्या करायचे आणि नट आवळायचं काम माझ्याकडे. तीन भिंती झाल्या, तेवढ्यात मैत्रिणी सायकली घेऊन दारात आल्या. सिनेमाला उशीर होत होता. उरलेले नट मी कंपासपेटीत टाकले, उद्या करू म्हटलं. सकाळी उठले तोवर बाबांनी बोल्टांवर फळ्या ठोकायला घेतल्या होत्या. झालं ना सगळं, त्यांनी विचारलं. हो, म्हटलं.

एवढंच असतं तर पोरवयातली चूक म्हणून मी स्वतःला सोडलं असतं. पण खिडकीच्या वेळी तू मला फोन केला होतास. ताई, तू यातली जाणकार, भिंत जमिनीपर्यंत उघडून एकदा नीट बघून घेऊ का, असं विचारलंस. मी म्हटलं, काही गरज नाही, कमरेच्या वरच काप. तू खाली उघडलं असतंस तर तुला दिसलं असतं, म्हणून म्हटलं. तुझ्यासमोर लाज वाटली मला. अकरा नट बसवायला तुला अर्धा तास लागला असता.

म्हणून हे पत्र. उद्या ऑफिसात जाऊन बाबांच्या कामापुढे लिहिलेला तो शेरा बदलायला सांगणार आहे, माझं नाव घालून. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. माफी मागायला मला तोंड नाही, आणि तू गडबडीने देऊही नकोस. सोबत कंपासपेटी पाठवते आहे. नट मोज, मग जाऊन बोल्ट मोज, आणि मग घरी येऊन पोटभर जेव. नवं घर बांधशील तेव्हा मागच्या भिंतीत खिडकी ठेव, होती तेवढीच मोठी. आईला ती फार आवडायची.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
ताई