महीचा डबा

२४ नोव्हें., सोम.
दर्शना आज परत गणिताच्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपली. चौथीतली माझी सगळ्यात चुणचुणीत पोर. दिवाळीच्या आधी भागाकार फळ्यावर लिहून होईस्तोवर उत्तर ओरडायची, आता हाक मारली तरी दोनदा मारावी लागते. मी म्हटलं, "रात्री मोबाइल बघत बसतेस ना?" वर्ग हसला. ती हसली नाही, रडलीही नाही. उगाच बोलले.

मटकीची उसळ आणि भात बराच उरला. दिवाळीनंतर हे रोजचंच झालंय. मुख्याध्यापक सर म्हणाले, थंडीत पोरांची भूक कमी होते. उलट असतं ना?

पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची असते. या आठवड्यात पाळी माझी. स्वयंपाक करणाऱ्या शीतलने वाटी पुढे केली. मी म्हटलं, "आज सोमवार, उपास आहे." ती बरं म्हणाली आणि वाटी परत पातेल्यात ओतली.

२६ नोव्हें., बुध.
आज अंडी होती. अंडीसुद्धा उरली! पूर्वी अंड्यांच्या दिवशी आजारी पोरंही शाळेत यायची.

शीतलने स्वयंपाकखोलीच्या दारात अडवलं. "मॅडम, मीठ जास्त पडतं का माझ्याकडून? पोरं खात नाहीत."
"नाही गं, बरोबर असतं."
चाखलंय कुठे मी? आज पोट बरं नव्हतं माझं. म्हणजे तसं सांगितलं. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार आहेच.

माझी मही घरी आल्या आल्या दप्तर न काढता उभ्या उभ्या घावणे खात सुटली. आई (सासूबाई) मला म्हणाल्या, "स्वतः शाळेत आहेस आणि पोरीला उपाशी ठेवतेस?" उद्यापासून डबा मोठा देणार आहेत.

२८ नोव्हें., शुक्र.
मही झोपल्यावर लिहितेय.

शाळा सुटल्यावर स्कूटरवर महीला विचारलं, एवढा डबा देऊन भूक कशी लागते? म्हणाली, "आम्ही पाच जणी खातो ना त्यात. दर्शनाताई, आर्या, सगळ्या."
"त्या शाळेतलं का नाही घेत?"
"चालत नाही ना."
"कोण म्हणालं असं?"
"तूच."
खाडीच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली. मी म्हटलं, मी कधी म्हणाले? तिने अगदी सहज सांगितलं. "आजीला म्हणालीस. आपल्याला तिथलं नाही चालायचं, डबा देऊ. मग मी दर्शनाताईला सांगितलं. तिने सगळ्यांना."

म्हणाले होते. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा. जुन्या काकू मुलाकडे मुंबईला गेल्या, त्यांच्या जागी बौद्धवाडीतली शीतल आली. आईंनी विचारलं, आता कोण करतं शाळेत? मी नाव सांगितलं. त्या गप्प झाल्या. ती त्यांची गप्प बसण्याची तऱ्हा मला माहीत आहे, घर दोन दिवस जड होतं. ते टाळायला मी स्वतःच वाक्य पुरं केलं. मही तिथेच चित्र रंगवत बसली होती.

'मला स्वतःला तसलं काही वाटत नाही' असं आत्ता लिहिणार होते. मग सोमवार, पोट, गुरुवार, हे सगळं काय आहे?

१ डिसें., सोम.
ठरवून गेले होते की आज पोरांबरोबर पंगतीला बसायचं. नाही बसले. आधी सरांना सांगावं म्हणून ऑफिसात गेले. त्यांना सगळं माहीत होतं. दार लोटून म्हणाले, "मॅडम, आपण बोललो की गाव बोलणार. वरच्या वाडीतल्या चार जणांनी पोरांना सक्त सांगून ठेवलंय. होईल हळूहळू, पोरंच ती."

मला बरं वाटलं. सरच असं म्हणतात म्हटल्यावर मी एकटी काय करणार, असं वाटून चक्क बरं वाटलं. ते बरं वाटणं दिवसभर अंगाला चिकटून होतं.

व्हरांड्यात डबेवाली पोरं एका टोकाला, ताटवाले दुसऱ्या टोकाला. ताटवाल्यांत शीतलचा मुलगा, त्यांच्याच वाडीतली इतर पोरं आणि नेपाळ्याची दोन. त्यांचे आईबाप आमराईत राखणीला असतात. मधली जागा मोकळी. ही मोकळी जागा मी महिनाभर बघत होते. दिसत नव्हती असं म्हणवत नाही.

३ डिसें., बुध.
दर्शना पडली. केंद्राच्या स्पर्धेसाठी लंगडीचा सराव चालला होता, जांभ्याच्या पायरीपाशी एकदम खाली बसली आणि कलंडली. माझ्या आधी शीतल पोचली. पीठ लागलेल्या हातांनीच उचललं, साखरपाणी पाजलं. दर्शना घटाघटा प्याली. तेव्हा कुणाला काही आठवलं नाही, चालत नाही वगैरे.

उपकेंद्रात सिस्टरनी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली. "रक्त फार कमी दिसतंय. सकाळी काय खाल्लंस?"
"चहा."
"आणि काल दुपारी?"
"महीच्या डब्यातलं."
"किती?"
दर्शनाने बोटाच्या पेरावर दाखवलं. पोळीचा तुकडा.
सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमच्याकडे जेवण मिळतं ना मुलांना? ही दिवसभर रिकाम्या पोटी असेल तर शिकेल काय?"
मी म्हटलं, "मिळतं."
झोपते म्हणून अख्ख्या वर्गाला हसवलं होतं मी तिच्यावर.

४ डिसें., गुरु.
दर्शनाची आई आली. थेट बंदरावरून, पदर खोचलेला, हाताला मासळीचा वास. नवरा बोटीवर खलाशी, महिन्यातून थोडे दिवस घरी.

"बाई, मी पहाटेची जाते लिलावाला. घरात चूल पेटत नाय. दुपारचं शाळेत पोटभर जेवते म्हणून मी निर्धास्त. दिवाळीपासून ती जेवत नाय नि मला कुणी सांगू नये?"
मी म्हटलं, मुली डबा वाटून खातात, त्यामुळे...
"पण शाळेचं का नाय खात?"
"आता स्वयंपाकाला शीतल आहे," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. पुढचं तिने समजून घ्यावं अशी अपेक्षा केली. केवढी ही...
तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मग? चांगलं करत नाय ती?"
"करते. चांगलं करते."
हे बोललेसुद्धा न चाखता.

५ डिसें., शुक्र.
आज ताट घेऊन व्हरांड्यात बसले. मधल्या मोकळ्या जागेत.

शीतलने वाढलं. वाटाण्याची आमटी, भात. "आज उपास नाही, मॅडम?" आवाज साधाच होता. मी मान हलवली. पहिला घास घ्यायच्या आधी भात उगाच कालवत राहिले, तो राग की भीती की तीस वर्षांची सवय, मला सांगता यायचं नाही. आमटी चांगली होती. आमच्या घरच्यापेक्षा खोबरं कमी, बाकी तीच.

मही डबा उघडून तशीच बसली होती. मग माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "आजीला सांगशील ना? की मी सांगू?"
"मीच सांगते."
ती ताट आणायला गेली. तिच्या मागे दर्शना. दर्शनाने दोनदा भात घेतला, मान वर न करता खाल्ला. आर्या उठली नाही. बाकीच्याही नाहीत. म्हणजे मी एकदा बसले की सगळं सुरळीत होईल असं जे मनात होतं, ते तसं नाही.

७ डिसें., रवि.
आईंना सांगितलं. ओरडल्या नाहीत. "तुझी नोकरी आहे, तुला सगळं सोपं," म्हणाल्या आणि आपला भात वेगळा लावला. माझ्या हातचं आज घेतलं नाही. ताट पुढे केलं आणि ते घेतलं गेलं नाही की कसं वाटतं, ते कळलं. मला एका दिवसात. शीतलला रोज, भरल्या पातेल्याशेजारी उभं राहून.

प्रसाद (माझा नवरा) म्हणाला, "खायचं होतंस गुपचूप. आईला बोलून दाखवायची काय गरज?" गुपचूप करण्यात आम्ही दोघंही हुशार.

९ डिसें., मंगळ.
सर म्हणाले, शीतल महिनाअखेर सोडतेय. कोळंबीच्या कंपनीत काम मिळालंय तिला, रत्नागिरीत.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. या गावात सून म्हणून आले, नोकरी केली, आणि बौद्धवाडीची चढण आज पहिल्यांदा चढले. मतदार यादीच्या कामालासुद्धा खालीच बसून पोरांकरवी लोकांना बोलावून घेतलं होतं. तिचा मुलगा अंगणात पाढे म्हणत होता, मला बघून उभा राहिला.

चहा दिला तिने. मी माफी मागितली. तयारी केलेली वाक्यं होती, निम्मी विसरले.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, मॅडम. मिठाचं विचारलं ना, ते तुम्ही खरं बोलता का बघायला."
मी कप खाली ठेवला.
"आणि माफी इथे येऊन, मला एकटीला कशाला? माझा पोरगा तिकडे सगळ्यांसमोर वेगळा बसतो. घरी येऊन विचारतो, आई, तुझ्या हाताला काय झालंय? त्याला मी काय सांगू, ते तुम्ही सांगा."
नोकरी सोडू नकोस म्हणायला गेले होते. जिभेवर आलंच नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

११ डिसें., गुरु.
दर्शना रोज जेवते. सिस्टरनी गोळ्या दिल्यात. आज तिसऱ्या तासाला जागी होती, भागाकार चुकला, पण हात वर केला होता. मी तिला वर्गासमोर सॉरी म्हटलं. पोरांना मजा वाटली.

शनिवारी पालकसभा. सरांना म्हटलं, मला बोलायचंय. "कशावर?" "जेवणावर." "पौष्टिक आहार वगैरे ना?" मी हो म्हटलं. परत खोटं.

१३ डिसें., शनि.
वर्गात बसून लिहितेय. बाहेर सतरंज्या घालून झाल्यात. वरच्या वाडीतले लोक आलेत, नेहमीपेक्षा जास्त. कुठून तरी कळलेलं दिसतंय. शीतल स्वयंपाकखोलीत आहे, बाहेर येईल की नाही माहीत नाही. विचारलं नाही मी.

आईसुद्धा आल्यात. सकाळी चांगली साडी नेसून तयार होऊन म्हणाल्या, "चल, मी पण येते. बघू दे काय बोलतेस ते." आत्ता पुढच्याच रांगेत बसल्यात, शेजारी दर्शनाची आई. दोघी बोलत नाहीत.

पहिलं वाक्य ठरलंय, सुरुवात माझ्या घरातून झाली. ते म्हणताना आईंकडे बघायचं की नाही, आणि त्यापुढे

सर बोलावतायत.