फक्त पहिलं अक्षर

प्रिय ठकू,

तुझा लॅपटॉप मिटून मी खुर्चीत ठेवला आहे आणि त्याच्यावर इस्त्रीला टाकायचे कपडे रचले आहेत. तरी मधूनमधून खालून टिंग टिंग करतोच. करू दे. घरात त्याहून जड काही हाताशी नव्हतं, नाहीतर तेच ठेवलं असतं. हे पत्र हातानं लिहिते आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर हल्ली तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. त्याबद्दलही बोलायचं आहे, पण आधी त्या मेल्या यंत्राचं बोलू, कारण तो विषय सोपा आहे.

सुट्टीत आलात तेव्हा तू आणि जावईबापू टेबलाशी डोकी जुळवून बसून माझ्यासाठी त्यात काय काय भरत होतात. आईनं नाटकातल्या आठवणी लिहायच्या, त्याचं पुस्तक करायचं, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. प्रत्येक गोष्ट दाखवताना तू म्हणायचीस, हे फुकट आहे गं आई. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. फुकट म्हणता म्हणता सगळी हात पसरून उभी आहेत. एक म्हणतं आम्हाला पाच चांदण्या द्या, एक म्हणतं मैत्रिणींनाही बोलवा, एक म्हणतं थोडे पैसे टाका म्हणजे आम्ही जाहिराती घेऊन मधेमधे येणार नाही. मधेमधे न येण्याचे पैसे मागणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, तो आमच्या नाटक कंपनीत खलनायकाचं काम करायचा, आणि त्यालाही आम्ही शेवटी हाकललं.

ती कामांची यादी तर डोक्यात जाते. तू त्यात 'अंघोळ' घालून ठेवली होतीस. मी अंघोळ करून आले, त्यापुढे खूण केली, तर वरून रंगीत कागदांचे कपटे पडायला लागले आणि मधोमध 'शाब्बास' असं आलं. जन्मभर मी अंघोळ करते आहे, कुणी कपटे उधळले नव्हते. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मुद्दाम खूण केली नाही. तर संध्याकाळी तुझा फोन, आई, आज बरं वाटत नाही का. म्हणजे माझी अंघोळ तुझ्या ऑफिसात दिसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ते झाड. लिहायला बसलं की पडद्यावर रोप उगवतं, आणि आपण जागचं न हलता लिहीत राहिलो तर ते वाढतं. मी कशाबशा पाच ओळी लिहिल्या आणि बेल वाजली. प्लंबर होता, ज्याची आठवडाभर मिनतवारी करत होते. नळ दुरुस्त करून घेऊन परत आले तो रोप वाळलेलं आणि खाली लिहिलेलं, तुमचं झाड मेलं. माझ्या घरातला नळ ठिबकायचा थांबला याचं कुणाला काही नाही. त्यानंतर ते झाड मी पुन्हा लावलं नाही, आणि खिडकीतल्या खऱ्या कुंडीला दोन तांबे पाणी जास्त घातलं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरी शिसारी आली ती त्या लिहायला मदत करणाऱ्या शहाण्याची. मी लिहिलं होतं की आमचा नायक पिऊन आला की विंगेपर्यंत वास यायचा आणि त्या वासावरून मला कळायचं की आज कितव्या अंकात गाडी घसरणार. खाली लगेच लाल रेघ आली, आणि बाजूला सल्ला, तुमचा सूर कडवट वाटतो, स्नेहपूर्ण करू का? कुतूहल म्हणून हो म्हटलं. तर माझं वाक्य गेलं आणि त्या जागी आलं, ते एक उत्साही आणि मनमोकळे कलाकार होते. ठकू, मी हसले नाही. तो माणूस उत्साही नव्हता, मनमोकळा तर मुळीच नव्हता. तो घाबरट होता आणि फार मोठा नट होता, आणि हे दोन्ही मला विंगेतून दिसायचं. फुकटात एका माणसाला असं पुसून टाकायचं आणि वर विचारायचं, हा बदल आवडला का?

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते करडे शब्द. मी दोन शब्द लिहिते आणि तिसऱ्यासाठी बोटं उचलून थांबते, तोवर पुढचं अख्खं वाक्य करड्या रंगात तयार. एक बटण दाबा की ते आपलं. जसं काही कुणीतरी चघळलेला घास ताटात ठेवून म्हणतं, घ्या, तुमच्यासाठीच आहे. तुला वाटेल आई उगीच कांगावा करते. पण माझं पोट ज्या कामावर भरलं तेच काम हे यंत्र माझ्या नाकासमोर करत होतं, आणि इतकं वाईट करत होतं की मला बघवेना. तू लहानपणी शाळेत सांगायचीस, माझी आई नाटकात आहे, आणि मुलींनी कुठली भूमिका असं विचारलं की विषय बदलायचीस. भूमिका नव्हतीच. मी प्रॉम्प्टर. विंगेच्या अंधारात माझं एक गोल, बिनपाठीचं, बसायचं लाकडी ______ असायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी टॉर्च, आणि नजर नटांच्या एका कानावर. मधली जागा मी कोरी सोडली आहे, त्याचं नंतर सांगते. पंचवीसेक वर्षं मी माणसं फक्त बाजूनं पाहिली. समोरून काय कुणीही बघतं.

प्रॉम्प्टरला शब्द देता येणं हे काही विशेष नाही, ते वाचता येणाऱ्या कुणालाही जमेल. कधी द्यायचा नाही हे कळलं पाहिजे. तू झालीस तेव्हा मी रजेवर होते आणि माझ्या जागी रंगभूषाकाराला बसवलं होतं. बिचारा फार प्रामाणिक. नायक जिथे जिथे थांबला तिथे तिथे त्यानं पुढची ओळ दिली. दुसऱ्या अंकात बापाला मुलाच्या मृत्यूची बातमी कळते आणि तो बराच वेळ काही बोलत नाही, त्या जागेवर सगळं थिएटर श्वास रोखून बसायचं. तिथे आमच्या रंगभूषाकारानं विंगेतून खणखणीत आवाजात ओळ दिली. पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेली म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नायक दवाखान्यात हजर. तू पाळण्यात होतीस, तुझ्याकडे त्यानं आधी ढुंकूनही बघितलं नाही. मला म्हणाला, "बाई, कधी येताय? मी विसरलो नव्हतो हो. मी थांबलो होतो." आणि मग पाळण्याकडे बघून, मुलगी का, छान, असं म्हणून निघून गेला. तुझ्या बाबांना त्या माणसाचा फार राग आला होता. मला नाही आला.

थांबलेला माणूस आणि विसरलेला माणूस समोरून सारखाच दिसतो. बाजूनं नाही. थांबलेला श्वास घेत असतो. विसरलेला श्वास धरून ठेवतो आणि त्याचे हात काहीतरी शोधायला लागतात. नायक कोटाचं मधलं बटण अंगठ्यानं घासायचा. शेवटच्या वर्षांत ते बटण फार घासलं गेलं, दर महिन्याला आमची कपडेवाली नवं लावायची आणि कुरकुरायची. तोवर त्यानं दारू सोडली होती, तरी शब्द जायचे. आधी अवघड शब्द गेले, मग सोपे, मग नाटकातल्या स्वतःच्या मुलाचं नाव. प्रेक्षकांना कळलं नाही. त्याच्या बायकोलाही फार उशिरा कळलं. मला पहिल्या दिवशी कळलं आणि त्यालाही कळलं की मला कळलं. प्रयोगानंतर रंगपटात तोंड पुसता पुसता तो मला एवढंच म्हणाला, "अख्खी ओळ देऊ नका. पहिलं अक्षर द्या. बाकीचं माझं मला म्हणू द्या." मग मी तसंच करत गेले. एक अक्षर, ओठांतल्या ओठांत, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य परत आलेलं दिसायचं. तो निवृत्त होईपर्यंत हे आमच्या दोघांतच राहिलं, आणि आज तो नाही म्हणून तुला सांगते आहे.

आता तुझ्याकडे वळते. पुस्तक लिहिणाऱ्या बाईला 'गॅस बंद केला का' ही आठवण दिवसातून तीनदा कशाला लागते, ठकू? 'चष्मा फ्रिजवर नाही ना?' ही कशाला? तू भरलेलं ते कॅलेंडर मी एक दिवस शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात पुस्तकाबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळं माझ्याबद्दल होतं. तू गोड बोलून मला चांगलं गुंडाळलंस. राग आला, खोटं कशाला सांगू. आपल्या पोटच्या पोरीनं आपल्यावर फुकटची पाळत बसवावी, आणि ती पाळत टाळ्या वाजवत असावी, याची किळस आली. दोन दिवस तुझे फोन घेतले नाहीत ते त्यामुळे. तू चौकशीला पाठवलेल्या शेजारणीला मी फोन बिघडलाय म्हणून सांगितलं, तेही खोटं.

पण मला आठवत होतं की तुम्ही आलात तेव्हा जेवताना काय झालं. मी काहीतरी सांगत होते, मधेच थांबले, आणि तू लगेच शब्द दिलास. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शब्द देऊन झाल्यावर तू जावईबापूंकडे पाहिलंस, आणि त्यांनी ताटात पाहिलं. तुम्हाला वाटलं मला दिसलं नाही. अगं, माझं सगळं आयुष्य बाजूनं बघण्यात गेलं. पहिल्या दोन वेळा मी थांबले होते, ठकू. तुझ्या बाबांची गोष्ट सांगत होते आणि ती घाईनं सांगायची नसते. तू रंगभूषाकारासारखी मधे पडलीस आणि माझी जागा घालवलीस. तिसऱ्या वेळी मात्र माझा अंगठा टेबलक्लॉथच्या काठावर फिरत होता. तू शब्द पाहिलास, अंगठा पाहिला नाहीस. मी पाहिला.

म्हणून मागच्या आठवड्यात मी एकटी मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्या दिवशी नळवाला परत येणार म्हणून घरीच आहे असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत, आणि तेही माझी वाक्यं पुरी करतात. मी उत्तर आठवत होते तिथे त्यांनी चुकीची खूण केली, आणि मी सफाईनं टोलवलं तिथे त्यांना काही कळलं नाही. तरी शेवटी त्यांचं आणि माझं मत एकच झालं. सुरुवात झाली आहे. सावकाश होईल म्हणतात. मी रडले नाही, रिक्षात थोडी रडले. आता तू धावत येशील, आणि येताना आणखी एखादं फुकटचं काहीतरी घेऊन येशील, ते मला नको आहे, आणि तेवढं सांगायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. तू ये. लॅपटॉप परत घेऊन जा, आणि त्याच्या जागी तू बस. मला प्रॉम्प्टर हवा आहे, आणि ते काम मी तुला शिकवू शकते, अजून शिकवू शकते. मी श्वास घेत असले तर कितीही वेळ लागो, तू वाट बघायची. अंगठा फिरायला लागला तरच तोंड उघडायचं. कुणाकडे बघायचं नाही, आणि नंतर कुणाला सांगायचं नाही. आणि वरची ती कोरी जागा. तिथे मी थांबलेली नाही. ज्याच्यावर बसून मी तुला वाढवलं त्या वस्तूचं नाव सकाळपासून मला येत नाहीये. त्या यंत्रात लिहिलं असतं तर त्यानं करड्या अक्षरांत केव्हाच देऊन टाकलं असतं, म्हणून हातानं लिहिलं. तुला ते वाचताक्षणी आलं असेल. फोन करून सांगू नकोस. आलीस की माझ्या डाव्या बाजूला बस, आणि फक्त पहिलं अक्षर दे.

तुझीच, बाजूनं बघणारी,
आई