फिल्टर कपॅसिटर बदलणाऱ्या सुनेच्या नावे

मी, बाजारात ‘कानसेन’ म्हणून ओळखला जाणारा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा दुरुस्तीवाला, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, दाराशी कुणी काठी घेऊन उभं नाही. फक्त कान गेले आहेत, आणि ही गोष्ट मी घरच्यांपासून लपवली आहे. आधीच्या मृत्युपत्रात दुकान मुलाच्या नावे होतं. ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीची. तिला कुणी कसलाही हिशेब विचारू नये.

२. चिरंजीवांना माझी मोटरसायकल. सोल्डरच्या धुराने त्यांचं डोकं दुखतं, म्हणून ते दुकानाची पायरी चढत नाहीत. माझा राग नाही. थोडा आहे, तो मी सोबत नेईन.

३. दुकान, सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि व्हॉल्व्हची खोकी चिरंजीवांच्या पत्नीची, म्हणजे माझ्या सुनेची. कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

गिटार वाजत नसताना अ‍ॅम्प घरघरत असेल, तर बहुधा त्याच्या वीजपुरवठ्यातले, वीज साठवून सुरळीत सोडणारे फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतात. ती घरघर ओळखण्यावर माझं नाव झालं. माझ्या कानांतून आधी नेमके तेच खालचे सूर गेले. मग मी अंदाजाने भागवू लागलो. मूळचा वीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढायचा आणि शंभरचा ठोकायचा, म्हणजे घरघरीचा प्रश्नच मिटला. पण एवढा मोठा कपॅसिटर भरताना त्याला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर भलताच ताण येतो आणि तो लवकर मान टाकतो. समोरच्याची भूक बघून वाढावं, हे दुकानात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सुनेला मीच शिकवलं होतं.

एकदा मीच दुरुस्त केलेला अ‍ॅम्प पुन्हा उघडला, तर आत वीसचा कपॅसिटर. सोल्डरचा डागही माझा नव्हता. माझा डाग ढबू असतो, तिचा बारीक आणि चकचकीत. मी दुपारी आडवा झालो की ती माझं काम उसवून नव्याने करत होती, आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हाच तिच्यापुढे हात जोडायला हवे होते. मी पुढच्या अ‍ॅम्पमध्येही शंभरचाच बसवला. वीसचा बसवला असता, तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. त्यात भर म्हणून एक गिटारवाला म्हणाला, “काका, तुमच्या कानाला तोड नाही!” आणि मी मिशीला पीळ दिला. ती शेजारीच उभी होती.

मग एके दिवशी मी अ‍ॅम्प तपासला आणि कपॅसिटरमधली वीज न उतरवताच झोपायला गेलो. यंत्र बंद केलं तरी कपॅसिटर वीज धरून बसतो. तिने नंतर आत हात घातला. मी उठलो तेव्हा तिच्या बोटाला पट्टी होती. पत्नीने विचारलं, तर म्हणाली, “काही नाही हो आई, इस्त्रीचा चटका बसला.” मला सगळं समजलं. तरी मी म्हणालो, “लक्ष कुठे असतं गं तुझं?”

हे मी म्हणालो. लिहिताना मान वर होत नाही.

४. पाटीवरून ‘कानसेन’ काढून टाकावं. तिने स्वतःचं नाव घालावं, आणि गिऱ्हाइकांनी विचारलं तर खरं सांगावं.

५. <s>हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतरच उघडावं.</s> हे कलम मी खोडलं आहे. साक्षीला आलेल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ते वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, “म्हणजे तुमची माफी ऐकायला तिने तुम्ही मरायची वाट बघायची?”

म्हणून सुनेला दुकानात बोलावून, दोन्ही साक्षीदारांसमोर, वरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “बाबा, उठा त्या खुर्चीवरून.”

मी उठलो. ती बसली, आणि अर्धवट पडलेला अ‍ॅम्प पुढे ओढला.

सही: (उभ्याने केली आहे)

साक्षीदार: १. कानाच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. शेजारचा शिंपी (सही)

ठिकाण: सुनेचं दुकान
दिनांक: १९ ऑगस्ट