दोन सूत कमी

आदरणीय ताई,

तुमच्या वडिलांच्या सगळ्यांत निरुपयोगी शिष्याचा वाकून नमस्कार (कागदावरच, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला थांबला का?

मिस्त्रींना जाऊन वर्ष होतंय, म्हणून घरचे मिळून आठवणींचं पुस्तक काढताय आणि त्यात मी अर्धं पान लिहावं, असं तुमचं पत्र मिळालं. त्यांची लाडकी खुर्ची, ‘बाबांच्या हातचा उत्तम नमुना’, प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावर मांडून तीवर पाहुण्यांना बसवणार, हेही कळलं. पण साफसफाईत तिच्या पायाखालचा मळका कागद फेकला गेल्यापासून ती डुगडुगते, तेव्हा येऊन बाकीचे तीन पाय जरा कापून द्या, असं खाली लिहिलंय. ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

अर्ध्या पानात मिस्त्री कसे मावणार? ते लाकडाशी बोलायचे, आमच्याशी नाही. वाकड्या फळीला ‘अगं बाई, जरा सरळ हो’ अशी विनवणी, आम्हाला मात्र नुसती भुवई. काम कितीही झकास झालं तरी ‘चालेल’. एकदाच, एका कपाटाला ‘बरं झालंय’ म्हणाले, तर मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी सांगायला गेलो (बायकोने विचारलं, कामावरून काढलं का?).

आता खुर्चीचं. आमच्या कारखान्यातली लाकडी पट्टी टोकाला तुटलेली होती. दोन सूत गेलेलं, म्हणजे पाव इंच. मोजताना सगळे दोन सूत वाढवून धरायचे. नवी आणा म्हटलं की मिस्त्री म्हणत, ‘नवी आणली की तुमची डोकी सुटीवर जातील.’ मी कामाला लागून महिना झाला होता. एका डॉक्टरांनी करायला दिलेल्या सहा खुर्च्यांपैकी एक माझ्याकडे आली. तीन पायांना दोन सूत आठवणीने धरलं. चौथ्याच्या वेळी डबे उघडले होते आणि कुणीतरी भजी आणली होती.

हो ताई, ती खुर्ची माझी. मिस्त्रींनी तिला एक रंधाही मारलेला नाही.

खुर्ची डुगडुगली, मिस्त्रींची भुवई वर गेली आणि माझं अवसान गळालं. हे काम माझ्याच्याने होणार नाही, मी मामांच्या दुकानात बसतो, असं चार पानी रडगाणं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि पळालो. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं (डबा विसरलो होतो). मिस्त्री त्याच खुर्चीत चहा पीत बसले होते. खुर्ची हलत नव्हती. डाव्या मागच्या पायाखाली चार घड्या घातलेलं माझं पत्र होतं. म्हणाले, ‘उभा काय राहिलास? रंधा घे.’

डॉक्टरांना सहावी खुर्ची त्यांनी स्वतः करून दिली. ही ठेवून घेतली, बत्तीस वर्षं दुसऱ्या कुणाला तीवर बसू दिलं नाही. पत्र वाचलं होतं का, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला इथे जागा आहे. ते आजतागायत वाटतं.

तुमचा,
भजीवाला सुतार

ता. क. हे पुस्तकात छापू नका. ‘मिस्त्री फार शिस्तीचे होते’ एवढं घाला. खुर्ची त्यांचीच राहू दे.

ता. क. २. पाय मात्र कापायचे नाहीत, मी कापणार नाही आणि दुसऱ्याला कापू देणार नाही.

ता. क. ३. अक्षर एवढं मोठं का, असं वाटलं असेल. चार पानं भरायची होती. घड्या घालून मोजलं, बरोबर दोन सूत भरतंय. वाचून झालं की डाव्या मागच्या पायाखाली ठेवा आणि पाहुण्यांना खुशाल बसवा.