सत्यमचे पिवळे तळहात

चिकलठाणा,
रविवार, १८ जानेवारी

सोमनाथराव,

नमस्कार. आम्ही दोघं मोनिकाताईकडं सुखरूप आहोत. आईंचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही "हां, हां" करून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले.

सत्यमच्या पोटावरचे फोड फुटलेत. मलम लावायला गेलं की माझ्या कुशीत तोंड खुपसून ओरडतो. एवढंसं लेकरू, त्याला काय समजावू?

इथल्या डॉक्टरांना त्याचे पिवळे तळहात दाखवले, तर त्यांनी आधी त्याचे डोळे पाहिले. पांढरे, स्वच्छ. लघवीचा रंगही नेहमीचा. मग विचारलं, गाजरं लई खातो का? अहो, आपल्या वावरातली गाजरं, लाल भोपळा, पपई, हिवाळाभर दुसरं खातो काय तो! त्या केशरी रंगातूनच अंगाला 'अ' जीवनसत्त्व मिळतं, डोळ्यांना चांगलं. अंग लागेल तेवढंच घेतं, उरलेला रंग तळहाता-तळपायात उतरतो. गाजरं थोडी कमी केली की आपोआप जातो. कावीळ नाय, काही नाय.

आणि तुम्ही? मी कंपनीच्या ट्रेनिंगला इथं आले, तर मागं चतुराबाईला बोलावून काविळीवर म्हणून लेकराला बिब्ब्याचे डाग दिले. वर नुसता भात आणि उसाचा रस. आईंनी नातवाच्या काळजीनं केलं, त्यांच्या सासूनंही तेच केलं होतं. चतुराबाईला तर अख्खं गाव बोलावतं. त्या दोघींचा राग येतो मला, पण तो निवळेल.

तुम्ही मात्र सिल्लोडात मेडिकल चालवता. मी फोनवर बजावलं होतं, आधी डोळे बघा. तुम्ही बघितले. पांढरे दिसले, असं ताईला स्वतः बोललात. वर म्हणालात, "आईपुढं तोंड कोण उघडणार?"

तोंड नाय उघडलं, निदान हात तरी आवरायचे. डाग देताना सत्यमचे पाय तुम्ही धरले होते. मी त्याला इकडं घेऊन यायला घरी आले, तेव्हा हे मला आईंनी सांगितलं, तुम्ही नाय.

काल दाजींनी मोजे घालायला त्याचे पाय हातात घेतले, तर किंचाळून पलंगाखाली शिरला. किती वेळ बाहेर येईना. मी फरशीवर आडवी पडून त्याच्याशी बोलत राहिले.

तुम्ही म्हणता, घरी ये, लोक काय म्हणतील. म्हणू द्या. तुम्हीच या इथं, एकटे. दारात बसा. तो आपल्या पायांनी तुमच्याकडं आला, तर आम्ही घरी येऊ. मी त्याला उचलून तुमच्या हातात देणार नाय.

सत्यमची आई,
प्रेरणा